सारखी माती

मारेगावच्या पुढच्या एका गावात विहाराच्या सभागृहावर मुलींसाठी अभ्यासिका बांधायची होती. जुना पाया वरचा मजला पेलेल का, एवढंच मला अभियंता म्हणून सांगायचं होतं.

मातीचे नमुने समितीनं तीन कोपऱ्यांतून काढून पाठवले होते. तपासणीत तिन्हींचे आकडे उत्तम आले, आणि जवळजवळ एकसारखे. ते सारखेपणच मला खुपलं. या भागात दोन हातांवर माती बदलते.

"भीमराजभाऊ, तिन्ही पिशव्या एकाच खड्ड्यातल्या ना?" मी समितीच्या अध्यक्षांना विचारलं.

ते ओशाळून हसले. "मुरूम वर होता तिथलीच भरली. मॅडम, पोरगी पाह्याले पाहुणे आले त फाटकी सतरंजी कोन टाकते?"

"अन् लग्न झाल्यावर?" सत्यशीलाताई म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. अभ्यासिकेची कल्पना त्यांचीच.

मग मी समोर उभी राहून चारही कोपरे खणून घेतले. दोन ठिकाणी घट्ट मुरूम लागला. उरलेल्या दोन ठिकाणी खोलवर काळी माती होती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. नवे आकडे घेऊन मी पुन्हा गेले.

"अशा हजार इमारतींवर मजला चढवला, तर त्यांच्या आयुष्यात विसेक इमारतींचा पाया दगा देईल."

"म्हंजे नऊशे ऐंशी उभ्या राहतीन! मंग आपलीच काहून पडन?" भीमराजभाऊ म्हणाले.

"पडेलच असं नाही. आपली कोणत्या गटातली, ते मला सांगता येत नाही."

"शून्य कवा येईन?"

"कधीच नाही. या खालच्या हॉलचा धोकाही शून्य नाही; हजारात एखादा दगा देतोच. तेवढं आपण सोसतो. वीस फार झाले. मी सही करणार नाही."

भीमराजभाऊंनी छताकडे पाहिलं.

"पोरींले खालीच बसवू," सत्यशीलाताई म्हणाल्या. "वंदनेच्या वेळी पुस्तकं आवरतीन."

"साऱ्या मावतीन का खाली?"

"नाही मावनार," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात भीमराजभाऊंचा फोन आला.

"मॅडम, वरच्या मजल्यासाठी गच्चीवर सळया सोडल्या होत्या न, त्या कापून टाकल्या."

"एवढी घाई कशाला केली?"

"मी आहे तोवर ठीक. उद्या दुसरी समिती येईन, उभ्या सळया पाहीन, अन् मजला चढवीन. तिले कोन सांगन?"