इंदूच्या पाठीवरून

इंदू कोणाचं ऐकणारी बाई नव्हतीच. रेशीम खात्यातून निवृत्त झाली, तरी कोसा रेशमाच्या अळ्यांचं वेड काही सुटेना. नव्या राजधानीच्या रस्त्यासाठी साजाची, म्हणजे ऐनाची, झाडं तुटायला लागली, तेव्हा तिथल्या रानटी अळ्यांपैकी शेवटच्या सात तिनं डब्यात घालून शहरात, चौबे कॉलनीतल्या आपल्या घरी आणल्या. मागच्या खोलीत, जाळीखाली, पाण्यात उभ्या केलेल्या फांद्यांवर त्यांचा मुक्काम. ही जात दुसरीकडं उरलीच नव्हती.

भीती एकाच माशीची. उझी माशी अळीच्या अंगावर अंडं घालते अन् त्यातला किडा अळीला जिवंतपणी आतून खातो. पण तीही त्याच झाडांमधली. मधे वीस किलोमीटर तापलेलं सिमेंट. "एवढं उडून कोणती माशी येते हो?" इंदूनं नवऱ्याला, नीलकंठला, ठसक्यात विचारलं होतं.

आठवड्यात एका अळीवर काळा डाग दिसला. मग दुसरीवर. डागाची अळी उलट जास्तच खाई, गुबगुबीत होई, अन् एका सकाळी तिचं नुसतं कातडं फांदीला लटकलेलं असे. बाई गं! जाळीला भोक नाही, खोलीत माशी दिसत नाही, अन् सहा गेल्या. एकच चांगली उरली.

कॉलनीतली झाडं धुळीनं माखलेली, म्हणून दर दोन दिवसांनी ती साजाच्या उरल्यासुरल्या झाडांचा पाला आणायला जाई. त्या दुपारी परतीच्या बसमध्ये मागची बाई हळूच म्हणाली, "दीदी, हिलना मत. आपकी पीठ पर..."

तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. अंबाड्याखाली नऊ करड्या उझी माश्या ओळीनं बसल्या होत्या. एकही हलत नव्हती. सगळ्यांची तोंडं पुढं, शहराकडं.

पाला बदलायला जाळी उचलताना सहाही अळ्यांपर्यंत माशी इंदूनंच पोचवली होती.

ती घराच्या आधीच, तेलीबांधा तळ्यापाशी उतरली. पदर झटकला, तळ्याच्या पाण्यानं पाठ भिजवली. माश्या उठायच्या, एक घिरटी घालायच्या अन् परत तिथंच बसायच्या. ऊन कललं, तेव्हा फोन वाजला.

"काहून उशीर करून राहिली?" नीलकंठ हरखला होता. "अळीनं खाणं सोडलं. तोंडातून धागा काढून राहिली. ये ना लवकर, याच्यासाठीच तर जीव टाकला तू!"

कोश पुरता घट्ट व्हायला तीन दिवस लागतात. तोवर अळी उघडीच. इंदूला रडू फुटलं. मानेवर बारीक पाय सरकले.

"घराचं दार आतून लावून घ्या," ती म्हणाली. "तीन दिवस उघडू नका. मी आली, तुमच्या नावानं ओरडली, तरी उघडू नका."