विम्याच्या कागदावरचा साक्षीदार

चष्मेवाल्याची एकुलती एक मुलगी लहानपणापासून इतके प्रश्न विचारायची, की घरात तिचं नावच चौकशीबाई पडलं. आधी आई गेली, बारा वर्षांनी वडील गेले, पण खोड काही गेली नाही. वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी तिच्या डोक्यात एकच प्रश्न ठाण मांडून बसला: त्यांच्या विम्याचे पैसे काचवाले नेऊ शकतात का?

प्रश्न उगाच पडला नव्हता. काचवाले म्हणजे चष्म्याच्या काचांचे घाऊक व्यापारी. वडिलांकडे त्यांची एवढी बाकी थकली होती, की दुकान विकूनही ती फिटली नसती. त्या दिवशी सकाळी ते दुकानात आले, काच घासायच्या मशीनशेजारी स्टुलावर टेकले, सांत्वनाचे दोन शब्द बोलले आणि उठता उठता म्हणाले, "विम्याचं काही कळलं का?" झालं. चौकशीबाई मनात हिशेब मांडू लागली. तिचं डोळे तपासायचं शिक्षण अजून दोन वर्षं बाकी होतं. विम्याचे पैसे आले तर ते पुरं होणार होतं आणि दुकानही पुन्हा उघडणार होतं. नाहीतर दोन्हींवर पाणी सोडायचं.

दुसऱ्या दिवशी विमा कचेरी उघडायच्या आधीच ती दारात हजर. खिडकीपलीकडच्या बाईंना तिने सरळच विचारलं, "गेलेल्या माणसाची उधारी त्याच्या विम्यातून वसूल करता येते का?"

"पॉलिसी तारण ठेवली होती कुणाकडे?" बाईंनी उलट विचारलं.

"माहीत नाही."

"आणि पैसे मिळावेत म्हणून नाव कुणाचं लावलंय?"

"आईचं असणार. पण ती केव्हाच गेली."

"मग अवघड आहे. नाव लावलेलं माणूस हयात असलं, तर पैसे थेट त्याच्या हातात. उधारीवाल्यांनी नुसतं बघत बसायचं. ते माणूसच नसलं, तर पैसे वडिलांच्या मालमत्तेत जमा. त्यातून आधी देणी भागवायची, उरलं तर तुमचं."

तिचा धीरच सुटला. सगळ्या गावाला चष्मे करून देणारे तिचे वडील स्वतःचा चष्मा वर्षानुवर्षं उद्यावर ढकलत आले होते. असा माणूस नाव बदलायला कचेरीची पायरी चढेल? बाईंनी फाईल काढली आणि एकेक पान सावकाश उलटलं.

"नाव बदललंय की. अकरा वर्षांपूर्वी. मुलगी, म्हणजे तुम्हीच ना? तारणही नाही कुठे."

दुसरी कुणी असती तर आनंदाने घरी गेली असती. ही तिथेच उभी. "बाबांना इथे आणलं कुणी? साक्षीदार कोण आहे बघता का?"

बाईंनी फाईल तिच्याकडे फिरवली. ती सही तिने प्रत्येक बिलाखाली पाहिली होती. काचवाल्यांची. शेजारी नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, मित्र. आणि साल तेच, ज्या साली वडिलांनी मशीनसाठी त्यांच्याकडून पैसे उचलले होते. स्वतःच्या वसुलीची वाट स्वतःच बंद करणारा व्यापारी तिने अजून पाहिला नव्हता. ती तडक त्यांच्या गोदामात गेली.

काचवाले काचांची पाकिटं नंबरवार लावत होते. तिचा प्रश्न ऐकून त्यांनी वरही पाहिलं नाही.

"पैसे द्यायच्या आधी मी तारण मागितलं. तो पॉलिसी घेऊन आला. बघतो तर नाव वहिनींचं. म्हटलं, आधी पोरीचं नाव लाव, मग माझ्याकडे तारण ठेव. मीच धरून नेला त्याला."

"मग तारण का नाही घेतलंत?"

"साक्षीदाराला नातं लिहावं लागतं. मी लिहिलं मित्र. ते लिहिल्यावर तारणाचं बोलायची लाज वाटली. धंद्यात एवढा मूर्खपणा परत केला नाही."

"आणि काल विम्याचं विचारलंत ते?"

"नंतर दुसऱ्या कुणाकडे तारण ठेवली नाही ना, ते बघायचं होतं. त्याचा काही नेम नव्हता."

"मशीनवर तरी तुमचा हक्क आहेच, काका."

"मशीन नेऊन काय करू? मी काच विकतो, घासत नाही. शिकून घे, दुकान उघड आणि काच माझ्याकडून घे. रोखीने."

तिला हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आता निघायला हरकत नव्हती. पण काचवालेच पुढे बोलले, "दर महिन्याला फोन करायचो घरी. पैशांसाठीच करायचो, खोटं कशाला बोलू? पण तो कधी सापडलाच नाही."

गप्प राहिली असती तर काही बिघडलं नसतं. तिला गप्प राहवेना.

"घरीच असायचे, काका. समोर बसलेले. बाहेर गेलेत असं मीच सांगायचे."

त्यांचे हात थांबले. "दर वेळी?"

"दर वेळी."

काचवाल्यांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"पैसे नाहीत म्हणाला असता तरी चाललं असतं," ते म्हणाले. "निदान बोलला तरी असता."