किइंदीच्या मैदानावरची पेनल्टी

सिरिलो ब्रितेसला गोल केल्यावर आनंद करायची सोय उरली नव्हती. फुटबॉलमध्ये रीत अशी की जुन्या क्लबविरुद्ध गोल झाला तर उड्या मारायच्या नाहीत. दोन्ही तळहात वर करून त्यांच्या प्रेक्षकांची माफी मागायची आणि मुकाट्याने मधल्या रेषेकडे चालू लागायचं. एखाद-दुसरा क्लब बदललेल्या माणसाला हे शोभतं. सिरिलो सहा देशांतले सतरा क्लब फिरून आला होता, त्यातले सात तर पॅराग्वेतलेच. त्यामुळे दर दुसऱ्या रविवारी हा बाबा गोल करायचा आणि चोरी पकडली गेल्यासारखा हात वर करून उभा राहायचा. आताच्या रिबेरा क्लबातली पोरं त्याला म्हणत, "म्हाताऱ्या, एकदाच सगळ्यांची मिळून माफी माग आणि मोकळा हो."

लोकांना वाटायचं, क्लब त्याला टिकू देत नाहीत. सिरिलोही तसंच सांगायचा. खरं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तो स्वतःच निघाला होता. बोलिव्हियात हवा विरळ होती, होंडुरासमध्ये रोज कोंबडीच खायला लागायची, कोलंबियातल्या प्रशिक्षकाशी पटलं नाही. चिलीत मात्र सगळंच चांगलं होतं, आणि तिथून तो सर्वांत लवकर पळाला. सदतीस वर्षांचा घोडा झाला तरी पायाची भिंगरी काही थांबेना.

एन्कार्नासिऑन शहरात, रिबेरा क्लबात, त्याला तीन वर्षं झाली होती. इतकं तो कुठेच राहिला नव्हता. बायकोने, सुनिल्दाने, नदीजवळच्या गल्लीत केशकर्तनालय काढलं होतं. दारावर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं, आणि शनिवारी बायका बाहेर बाकावर बसून थांबायच्या. मुलगी आरामी चौदाची. एकाच मैत्रिणीशी सलग तीन वर्षं भांडायची चैन तिला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. सुनिल्दा तोंडाने काही म्हणत नसे, पण यंदा तिने अंगणात पपईचं झाड लावलं होतं. सिरिलोने ते पाहिलं आणि त्याला वळसा घालून तो घरात गेला.

आता सगळं एका सामन्यावर येऊन ठेपलं होतं. रिबेरा पहिल्या श्रेणीत टिकला तर सिरिलोचा करार आपोआप वर्षभरासाठी वाढणार होता. खाली घसरला तर करार तिथेच संपला. शेवटचा सामना होता आउरोराशी, तोही त्यांच्या गावात, किइंदीला. त्यांना बरोबरी पुरत होती, रिबेराला जिंकणंच भाग होतं. दोघांतला एक जण खाली जाणार हे नक्की. आणि किइंदी म्हणजे सिरिलोचं जन्मगाव, आउरोरा म्हणजे त्याचा पहिला क्लब.

किइंदीत घरोघरी फुटबॉल शिवतात. हमरस्त्याच्या कडेने दुकानांवर चेंडूंची जाळी लटकलेली असतात. सिरिलोची आई लोरेन्सा, जिला गाव आदराने न्या लोरेन्सा म्हणायचं, चाळीस वर्षं दारात बसून चेंडू शिवत आली होती, आणि आउरोराचा एकही घरचा सामना तिने चुकवला नव्हता. गुरुवारी तिचा फोन आला. तब्येतपाणी झाल्यावर म्हणाली, "गोल कर बाळा. पण जिंकू नकोस."

त्याच्या आदल्या दिवशी त्याचा एजंट रोलोन याचा फोन येऊन गेला होता. ग्वाटेमालातला एक क्लब, डोंगरातलं शहर, दोन वर्षं. सोमवारपर्यंत उत्तर हवं, आणि माणूस करारातून मोकळा हवा. सिरिलो म्हणाला, रिबेरा टिकला तर मी बांधलेला आहे. "आणि नाही टिकला तर?" रोलोनने विचारलं. सिरिलोने फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी हे सुनिल्दाला सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही, कारण फोन ठेवताना त्याला भूक लागल्यासारखं झालं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

मग सामन्यापर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दुपारी आडवा झाला की उठून बसायचा. तेरेरेचा, म्हणजे तिकडच्या थंड चहाचा, पेला हातात घ्यायचा आणि एक घोट घेऊन दुसऱ्याकडे सरकवायचा. सरावानंतर घरी न जाता नदीकाठी उभा राहून पुलावरून पलीकडे अर्जेंटिनात जाणाऱ्या बसगाड्या बघायचा. पलीकडे त्याचं काहीही काम नव्हतं. पोरांना वाटलं, म्हाताऱ्याला जन्मगावाचा घोर लागलाय. प्रशिक्षकालाही तेच वाटलं. "तुला खेळवू का नको?" त्याने सरळ विचारलं. सिरिलो म्हणाला, खेळव. आणि तो ते मनापासून म्हणाला होता.

रविवारी किइंदीत चुलीपुढे बसावं तसं ऊन होतं. सुनिल्दा आपली जुनी गाडी घेऊन आली आणि पाहुण्यांच्या बाकांवर बसली. न्या लोरेन्सा नेहमीच्या जागी, गोलच्या मागे, छत्री उघडून बसली होती. सत्त्याऐंशी मिनिटं दोन्ही संघ नुसते धापा टाकत पळत राहिले. गोल कुणालाच करता येईना. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आउरोराच्या एका बचावपटूने चौकटीत चेंडूला हात लावला आणि पंचाने शिट्टी फुंकली.

पेनल्टी सिरिलोच मारणार, यात कुणाला विचारायचं काही नव्हतं. सबंध कारकिर्दीत त्याच्या दोनच वाया गेल्या होत्या. त्याचं तंत्र सगळ्या देशाला पाठ होतं. सावकाश यायचं, गोलरक्षक हलेपर्यंत थांबायचं, आणि तो ज्या बाजूला झुकेल त्याच्या उलट बाजूला चेंडू जमिनीलगत सरकवायचा. गोलरक्षकाने ओरडून सांगितलं, "मागे तुझी आई बसलीय रे. नीट मार, तिला दिसू दे."

सिरिलोला आईची छत्री दिसली. पण खरं सांगायचं तर तो आईचा विचार करतच नव्हता. तो पुढच्या वर्षीचा विचार करत होता. चेंडू आत गेला की पुढच्या वर्षी याच महिन्यात तोच सराव, तीच नदी, तीच गल्ली, आणि अंगणातल्या पपईला फळ. यात वाईट काही नव्हतं. चिलीतही नव्हतं. तो धावत आला, गोलरक्षकासाठी थांबला नाही, आणि शेवटच्या पावलाला त्याला कळून चुकलं की आपला पाय चेंडूच्या खाली जातोय. त्याने तो जाऊ दिला. चेंडू आडव्या दांड्यावरून, आईच्या छत्रीवरून पार रस्त्यावर गेला.

आधी त्याला हलकं वाटलं, इतकं हलकं की हसू येईल अशी भीती वाटली. मग त्याने पाहुण्यांच्या बाकांकडे पाहिलं आणि ते हसू तिथेच मेलं.

पुढे जे झालं ते किइंदीत अजून सांगतात. सामना बरोबरीत संपल्याची शिट्टी वाजताच गाव मैदानात घुसलं आणि दुसऱ्या संघाच्या खेळाडूला खांद्यावर घेऊन नाचलं. न्या लोरेन्साने त्याचे गाल दोन्ही हातांत धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शेवटी रक्त आपलंच." रिबेराच्या लोकांनाही तसंच वाटलं, फक्त त्यांचा शब्द वेगळा होता. गद्दार. कप्तान त्याच्या शेजारून न बोलता निघून गेला. प्रशिक्षकाने निरोप धाडला की संघाच्या बसमध्ये बसू नकोस, बरं दिसणार नाही. तेव्हा सिरिलो पिशवी घेऊन सुनिल्दाच्या गाडीत बसला. काचेवर थापा पडत होत्या, काही लाडाच्या, काही नाही.

ऊन अजून लख्ख होतं. गाव मागे पडलं, लटकणारे चेंडू संपले, कुरणं सुरू झाली. सुनिल्दा गाडी चालवत होती आणि सिरिलोने मनात सगळी तयारी केली होती. आईकडे पाहिलं आणि पाय कापले, असं तो सांगणार होता. कुणीही विश्वास ठेवला असता.

अर्धा तास झाल्यावर तिने विचारलं, "कुठला देश?"

"काय?"

"तुझी एकही पेनल्टी बघायची मी सोडली नाही, सिरिलो. गोलरक्षक हलायच्या आत तू कधी मारत नाहीस. आई म्हणते रक्त, ते म्हणतात गद्दार. मला दोन्ही पटलं नाही. देश कुठला ते सांग."

त्याने खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "ग्वाटेमाला."

"थंडी असते का तिथं?"

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. दर वेळी ती हेच विचारायची, थंडी किती, पाऊस किती, आणि मग कामाला लागायची. तो भराभर बोलू लागला. शहर डोंगरात आहे, संध्याकाळी गारठा पडतो, रोलोन म्हणाला शाळा चांगल्या आहेत, आरामीला नवी मैत्रीण मिळायला कितीसा वेळ लागणार, आणि केस तर सगळीकडचेच वाढतात, दुकान तिथेही चालेल. सुनिल्दाने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. पुढच्या ट्रकला मागे टाकून तिने गाडी पुन्हा रांगेत घेतली.

"तुझा जाड स्वेटर काढून ठेवते," ती म्हणाली. "आम्हा दोघींचे कपाटात राहू देत."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो म्हणाला, "मग मी नाही जात."

"जाशील."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला भांडता आलं असतं. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि समोरून येणारी लांब पल्ल्याची बस कुठून आली असेल ते बघत बसला.