ताडपत्रीचे मास्तर

लढाईत घरही गेलं आणि ट्रकही गेला. छावणीत आल्यापासून ड्रायव्हरला हातावर हात ठेवून बसण्यापलीकडे उद्योग नव्हता. शेवटी बायकोनेच त्याचं नाव शिवणवर्गात घातलं. वर्गात अकरा बायका आणि हा एकटा सहा फुटी गडी.

पहिल्याच दिवशी त्याने मशीनच्या पायडलवर असा पाय दिला, की झबल्याची बाही थेट गळ्यालाच शिवली गेली.

"अहो, ब्रेक मारा, ब्रेक!" शिकवणाऱ्या बाई ओरडल्या. सगळा वर्ग खो खो हसला.

आठवडाभरात नऊ सुया मोडल्यावर त्याने बायकोला सांगून टाकलं, "हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही."

"जाताय, की मी येऊ पोचवायला?" ती म्हणाली. गडी निमूट गेला.

नेमकी त्याच दिवशी वाऱ्याने तंबूंची ताडपत्री फाटली होती. बाईंनी कोपऱ्यातलं जाड कापडाचं अवजड मशीन त्याच्यापुढे ओढलं. ताडपत्री हातात येताच गडी खुलला. वीस वर्षं ट्रकवर त्याने तीच तर बांधली होती. ताण कुठे येतो, दुहेरी शिवण कुठे हवी, सगळं त्याला तोंडपाठ होतं. संध्याकाळपर्यंत चार तंबू धडधाकट झाले.

पुढे बाजारातले ट्रकवाले त्याचा पत्ता विचारत येऊ लागले.

"मास्तर आहेत का?" एकाने तंबूच्या दारात विचारलं.

"अहो, तुम्हाला विचारताहेत," बायको हसू दाबत म्हणाली. तरी मास्तर म्हणजे आपणच, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला.