सीट उरली तर

मित्रांनो, मी एक जुनी बॅग. जुनी म्हणजे अगदीच टाकाऊ नव्हे हं! एक चाक कुरकुरतं आणि चेन मध्येच अडून बसते, एवढंच. तरुणपणी मी छान राखाडी होते. आता माझा रंग कुठला म्हणायचा, ते मलाही सांगता येणार नाही.

कारखान्यात जन्मले, दुकानात धूळ खाल्ली आणि शेवटी या घरात आले. इथल्या लेकीला विमान कंपनीत काउंटरवर नोकरी लागली होती. तिनं मला आरशासमोर धरलं आणि म्हणाली, "आता आपण दोघी फिरणार!" मी काय हुरळले म्हणून सांगू! पुढं कंपनीनंच तिला नवी बॅग दिली आणि माझी रवानगी झाली तिच्या आईकडं. याला बढती म्हणायचं की बदली, ते तुम्हीच ठरवा.

पण आईनं मला जीव लावला. विमान कंपनीतल्या नोकरदाराच्या आईवडिलांना विमानात जवळजवळ फुकट बसता येतं, त्यामुळं आमचं फिरणं व्हायचं. ऐकायला गोड वाटतं ना? त्यात एक मेख आहे. तिकीट काढलेली माणसं बसून सीट उरली तर बसायचं, नाहीतर मुकाट घरी यायचं. उरलेल्या सीटसाठीही रांग असते, आणि हुद्द्यानं वरचा माणूस आधी जातो. सामान हातात मावेल तेवढंच. म्हणून मी कायम आईच्या पायाशी असायचे.

पहिल्या प्रवासाआधी लेकीनं आईकडून सगळं घोकून घेतलं होतं. "इस्त्रीचे कपडे घालायचे. काउंटरपाशी घुटमळायचं नाही. मिळेल त्या सीटवर हसून बसायचं. आणि आई, कुणी काही विचारलं तरी आपलं जाण्याचं कारण सांगायचं नाही. आमच्यातल्या एकीची सासू काउंटरवर रडली, तर तक्रार वरपर्यंत गेली. फुकट प्रवासाचा पास बंद झाला आणि त्या मुलीला बोलणी बसली ती वेगळीच."

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे? तोंडाला कुलूप लावते, झालं?" आई म्हणाली.

आणि तिनं ते लावलंच. कधी अगदी शेवटची, संडासाजवळची सीट मिळायची. आई म्हणायची, "बरंय, सोय हाताशी!" काउंटरवरच्या मुली तिचं कौतुक करायच्या. त्या कौतुकानं मीही फुगायचे.

मग एके दिवशी आईच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि ते अवघड आहे असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "आत नेण्याआधी एकदा तुझं तोंड दिसू दे गं," ती म्हणाली. या बहिणीनंच आईला लहानाचं मोठं केलेलं. सुट्ट्यांचे दिवस होते, विकत घ्यायलाही एक तिकीट शिल्लक नव्हतं. लेक म्हणाली, "आई, तू जाऊन बस. कुणीतरी येत नाहीच ऐनवेळी." आईनं माझ्यात पुढून बंद लावलेला मऊ गाऊन ठेवला. दवाखान्यात बहिणीला हात वर करावे लागू नयेत, म्हणून तो तिनं घाईघाईनं शिवला होता.

आम्ही दुपारी विमानतळावर पोचलो. एक विमान भरून गेलं. दुसरंही गेलं. आई सरळ बसून होती, पण तिच्या मुठीत माझा दांडा घामानं ओला झाला होता. संध्याकाळचं विमान त्या दिवसातलं शेवटचं. तिच्या शेजारी एक वैमानिक येऊन बसला. तोही साध्या कपड्यांत, उरलेल्या सीटसाठीच थांबलेला. माणूस बोलका आणि भला वाटला.

सीट उरली ती एकच. रांगेत तो पहिला, आई दुसरी.

उठता उठता तो थांबला. "मावशी, घाईचं काही आहे का? असलं तर तुम्ही जा. मी घरीच निघालोय, उद्या गेलो तरी चालेल."

मित्रांनो, मी मनातल्या मनात ओरडले. अगं बोल! बोल ना बाई! मला तोंड असतं तर मी तिथंच हंबरडा फोडला असता. पण बॅगेला कुठलं तोंड? मी नुसती उभी.

आई हसली. "छे हो. सहज निघालेय फिरायला. तुम्ही जा."

तो गेला. दार लागलं. काचेपलीकडे विमान मागं सरकू लागलं, तेव्हा कुठं आईनं पदर तोंडाला लावला.

सकाळच्या पहिल्या विमानात सीट उरली. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा बहिणीला आत नेलं होतं. ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. बहिणीचा नवरा म्हणाला, "सारखं दाराकडं बघत होती."

सगळं आटोपून आम्ही परतलो. विमानतळावर लेक आईला न्यायला आली होती. दोघी एकमेकींना धरून उभ्या असताना समोरून तोच वैमानिक आला.

"या तुझ्या आई होय?" तो लेकीला म्हणाला. "अशी हसतमुख माणसं हवीत बघ. मी माझी सीट देत होतो, तर घेतली नाही यांनी. काय मावशी, झालं का फिरणं?"

"झालं हो," आई म्हणाली. आणि हसली.

तो लांब गेल्यावर लेक आईकडं वळली. "आई, सीट देत होते ते? मग सांगितलं का नाहीस गं?"

"तूच म्हणाली होतीस ना, कारण सांगायचं नाही," आई म्हणाली. "तुला बोलणी बसली असती."

लेकीनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, माझं चाक दुरुस्त करा, मला पुसून ठेवा, असं मी काही मागत नाही. मागते ते एवढंच. घरातल्या भाबड्या माणसाला नियम शिकवाल, तेव्हा तो कधी मोडायचा, तेही त्याच दिवशी सांगून ठेवा. ती माणसं आपणहून नियम मोडत नाहीत हो.