शार्कसाठी अंधार

दादाच्या बोटीवर हवं ते मिळायचं, एक अंधार सोडून. रात्रभर डेकवर दिव्यांचा लखलखाट आणि दिवसा डोक्यावर ऊन. अशा ठिकाणी खोल समुद्रातला तो वीतभर शार्क पोटातून उजेड पाडतो, हे बघायचं तरी कसं? दादाच्या धाकट्या बहिणीने उमेदीची सगळी वर्षं या माशाच्या अभ्यासात घातली होती, पण बाटलीतल्या. बाटलीतला मेलेला मासा काय उजेड पाडणार, कपाळ!

मिनतवाऱ्या करून ती बोटीवर आली होती, तर जाळ्यातून वर येणारा प्रत्येक शार्क मेलेलाच. आज मोसमातलं शेवटचं जाळं आणि त्यातला एक चक्क जिवंत होता.

ती बादली घेऊन रेनकोटांच्या कपाटात शिरली आणि दार ओढून घेतलं. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. ते जरा सरावले, तोच दार उघडलं.

"बारके, माझा रेनकोट दे."

"दादा, दार लाव आधी!"

पुन्हा पहिल्यापासून. मग एका खलाशाला हातमोजे हवे होते. पुन्हा पहिल्यापासून. संतापाने तिला रडू फुटायचं बाकी होतं. आणि एकदाचं पाण्यावर हिरवट काहीतरी चमकलं.

"दादा! चमकतोय बघ!"

दादा आत आला, दार लावलं आणि खो खो हसला. "अगं, तुझ्या घड्याळाचे आकडे आहेत ते!"

पाचच मिनिटांत सगळी बोट हसत होती. तिने मनगटावरचं घड्याळ ओढून काढून गमबुटात कोंबलं, दाराची मूठ दोरीने आतून बांधली आणि दात-ओठ खात बसून राहिली.

आणि तो दिसला. पोटभर मंद निळा उजेड, कडेला जरा ठळक. शार्क वळला की उजेडही वळायचा. तिचे डोळे भरून आले. पण दादाने पाहिलं नाही ते खरं नाही, हे त्या घरात लहानपणापासून ठरलेलं होतं. तिने दोरी सोडली आणि हाक मारली.

दादा भर उन्हातून आला. दार लागलं.

"कुठाय?"

"थांब, डोळे सरावू देत."

"मला तर काहीच दिसत नाही."

"थांब ना रे जरा!"

"वर कामं पडलीत, बारके." त्याने दार सताड उघडलं. "घड्याळच असेल गं पुन्हा," तो मायेने म्हणाला.

तिने मोकळं मनगट त्याच्यासमोर धरलं. दादाने मनगटाकडे पाहिलं, मग बादलीत वाकून पाहिलं. शार्कचे कल्ले हलायचे थांबले होते.

"अगं, मग मला थांबवायचं नाहीस का?" दादा म्हणाला.