अर्धा कागद बांगड्यांना, अर्धा सुंगटांना

आडबंदरच्या मासळी बाजारात मथुरेचं गाऱ्हाणं झाल्याशिवाय पहिला मासा विकला जात नसे. देवळातलं गाऱ्हाणं पुरुषांचं, बाजारातलं मथुरेचं. वीस वर्षं हा मान तिच्याकडे होता. सकाळी टोपली उतरवायची, पदर खोचायचा आणि समुद्राकडे तोंड करून खणखणीत सुरू करायचं, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां टोपले घेवन हयसर बसली आसत, त्यांका सांबाळ रे म्हाराजा!" मग शेडमधल्या सगळ्या बायका एका तोंडानं म्हणत, "व्हय म्हाराजा!" तो होकार कानावर पडला की मथुरेला सकाळचा चहासुद्धा लागत नसे.

आणि मग ही यशोदा आली. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर सासूनं टोपली खाली ठेवली आणि सुनेनं उचलली, एवढंच. पण सून पडली सावंतवाडीकडची, दहावी झालेली. नऊच्या एसटीनं येणारा जिल्ह्याचा पेपर तिनं कंडक्टरला सांगून सुरू केला. वाडीत तो दोनच घरी यायचा, सरपंच बाबलीकडे आणि हिच्याकडे. गिऱ्हाईक नसलं की ही बाई टोपलीवर झाकण टाकून मोठ्यानं बातम्या वाचायची.

बातम्या तरी कसल्या? काल ह्या पक्षात होता तो आज त्या पक्षात गेला. कुणाच्या गाडीची काच फोडली. कुठला तरी किनारा कुठल्या तरी कंपनीनं घेतला. शेजारचा टपरीवाला दाजी रोज कपाळाला हात लावायचा. "सगळे एका माळयेचे मणी! कोण इलो आणि कोण गेलो, आमका काय? बंद कर गो ता."

यशोदा बंद करत नसे. पेपर घडी घालून ती विचारायची, "बरा तर. मग आता आमी काय करूचा?"

हा प्रश्न बाजारात आजवर कुणी विचारला नव्हता. पहिल्या वेळी बायका हसल्या. मग यशोदानं पिशवीतून पोस्टकार्ड काढलं. बाजारातला नळ वर्षभर कोरडा होता, त्याचं पत्र लिहिलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. दहाव्या पत्राला नळ दुरुस्त करायला माणूस आला. त्या दिवशी बायकांनी यशोदाला नळाखाली उभी करून भिजवली आणि पोटभर हसल्या. मथुरेनं अंगठा दिला नव्हता. ती पुढचे आठ दिवस विहिरीवरून पाणी आणून मासे धूत होती. कंबर मोडली, पण त्या नळाला हात लावला नाही!

खोटं कशाला बोला, मथुरा जळत होती. आत अगदी चुलीतल्या करवंटीसारखी. बायका आता तिच्या गाऱ्हाण्यात घाई करू लागल्या होत्या. "आटप गो काकी, पेपर इलो." तिची स्वतःची सून वर्षाली, जी घरात धड चार शब्द बोलत नसे, ती यशोदाच्या टोपलीला टेकून बसायची आणि "म्हणजे काय गो?" असं विचारत राहायची. व्हयकार बारीक झाला होता. वीस वर्षांची कमाई एका दहावी पास पोरीनं चार पानी कागदावर नेली, हे मथुरेच्या घशाखाली उतरत नव्हतं. "वायट बातमे आयकान माशे कुसतत," असंही ती सांगून बघायची. कुणी लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी पेपर यायला आणि यशोदाचा मुलगा तापानं फणफणल्याचा निरोप यायला एकच गाठ पडली. तिनं पेपर उघडलासुद्धा नाही. शेजारी मथुराच होती. "मथुराकाकी, ह्यो पेपर ठेव हां तुझ्याकडे. सांजेक घेवन जातंय." आणि पळाली.

मथुरेनं पेपर मांडीखाली घेतला. थोडा वेळ त्यावर नुसती बसून राहिली. तेवढ्यात गणपत आला, काजूच्या कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा. त्यानं सहा बांगडे घेतले. पिशवी आणली नव्हती. रद्दीचा गठ्ठा मथुरेच्या उजव्या हाताला होता, तिचा हात मात्र मांडीखाली गेला. तिनं आजच्या पेपराचं पान काढलं, मधोमध टरकन फाडलं आणि वरच्या अर्ध्यात बांगडे बांधून दिले. कसलं समाधान वाटलं म्हणून सांगू! खालच्या अर्ध्यात पुढच्या गिऱ्हाइकाची सुंगटं, म्हणजे कोळंबी, गेली. बारा वाजेपर्यंत पेपर संपला. "आता वाच म्हणावा," मथुरा मनात म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी आली.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चार वाजता गणपत तिच्या अंगणात उभा. हातात बांगड्यांचा वास मारणारा कागद. गणपतला एक खोड होती, घरात आलेला अक्षरांचा तुकडा तो वाचल्याशिवाय टाकत नसे, मग तो चण्यांच्या पुडीचा का असेना.

"मथुरा, ह्या आजच्या पेपरातला मा? आयक." त्यानं चष्मा लावला. "'मौजे आडबंदर येथील रापणीच्या किनाऱ्यावर प्रस्तावित खासगी खनिज जेट्टीबाबत ज्या ग्रामस्थांच्या हरकती असतील त्यांनी जनसुनावणीस...' आणि हयसर फाटला. कधी, खंय, ता खालच्या तुकड्यार ऱ्हवला."

मथुरेनं कागद त्याच्या हातातून घेतला. रापणीचा किनारा! अख्खी वाडी दोन्ही टोकांना धरून जाळं ओढते ती वाळू. तिथं खनिजाची जेट्टी झाली तर रापण कुठे लावायची, टोपलीत काय घालायचं, आणि कुठल्या बाजारात उभं राहून गाऱ्हाणं घालायचं? पंचायतीच्या फळ्यावर ह्याचा कागद नव्हता. सरपंच बाबली महिनाभर कंपनीच्या गाडीतून फिरत होता, त्याला विचारणं म्हणजे बोक्याला दुधाचा पत्ता विचारणं.

"सुनावणी फाल्यां सकाळीच आसली तर?" गणपत म्हणाला. "खालचो तुकडो कोणाक दिलंस, आठावता?"

मथुरेला अक्षर येत नव्हतं, पण कुणी कधी कुठला मासा नेला हे ती दहा वर्षांमागचंही सांगायची. आठवायची गरजच नव्हती. गणपतचे बांगडे, आणि त्याच्या मागोमाग सुंगटं. सुंगटं नेली होती शेवंतीनं. सरपंच बाबलीच्या बायकोनं.

"शिरा पडली माझ्या तोंडार," मथुरा म्हणाली आणि अनवाणीच निघाली.

बाबलीच्या मागच्या दारी शेवंती भांडी घासत होती. "काय गो मथुरा, ह्या वेळेक?"

"माझा कानातला पडला गो. तुझ्या सुंगटांच्या कागदात तर नाय मा गेला?"

"कागद? सालींवांगडा टाकलंय थंय, माडाच्या मुळात."

माशांची घाण माडाच्या मुळात टाकायची ही आमच्याकडची जुनी रीत, माड भरभरून लागतो. मथुरा आळ्यात गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. सालं, डोकी, चिखल, माश्या. वर शेवंती हात बांधून उभी. कागद सापडला, ओला, काळपट, चुरगाळलेला. मथुरेनं तो उचलून पोलक्यात कोंबला.

"गावला कानातला?"

"गावला, बायो, गावला!" म्हणत मथुरा कुंपणातून बाहेर पडली सुद्धा. तिच्या दोन्ही कानांत कुड्या लखलखत होत्या, त्या शेवंतीनं पाहिल्या की नाही कोण जाणे.

यशोदा मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. मथुरेनं गणपतकडचा तुकडा आणि पोलक्यातला तुकडा तिच्यासमोर टाकला. घरभर वास सुटला.

"ह्यो तुझो पेपर. मी माशे बांधलंय त्यात. रद्दी होती, तरी बांधलंय. मुद्दाम." एका दमात बोलून टाकलं. पुन्हा श्वास घेतला असता तर बोलवलं नसतं.

यशोदा कागदांवर वाकली. तिनं तुकडे जमिनीवर जोडले, भाताच्या शितानं मागून पट्टी चिकटवली आणि बोट फिरवत वाचलं. बुधवार. अकरा वाजता. तालुक्याच्या गावी, सभागृहात.

"परवां," ती म्हणाली. मग मथुरेकडे बघून, "तू माझ्यार जळतंस ता माका म्हायत आसा, काकी."

"मग?"

"मग काय? जळ. पण बुधवारी ये."

बुधवारी चार टेम्पो भरून आडबंदर गेलं. सभागृहात पुढच्या खुर्च्या कंपनीच्या माणसांनी आधीच अडवल्या होत्या. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "प्रत्येकाला दोन मिनिटं." यशोदा कागद घेऊन माइकपाशी गेली. ऑफिसच्या मराठीत तिनं छान सुरुवात केली, "महोदय, आमच्या उपजीविकेचा प्रश्न..." तोच पुढून कुणीतरी शिटी मारली. कुणी खुर्च्या सरकवल्या. कुणी ओरडलं, "मासे विकायला बसा!" माइक खरखरला आणि बंद पडला. यशोदाचा आवाज मुळात घरगुती, तो तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. वाचन अर्ध्यावरच राहिलं.

आता हे सांगायला मथुरेलाही लाज वाटते, पण त्या क्षणी तिला बरं वाटलं. बरी जिरली! म्हणे पेपर वाचते! इतके दिवस पोटात दुखत होतं ते एकदम थांबलं. तिनं शेजारी वर्षालीकडे पाहिलं. वर्षाली रडत होती. बाकीच्या बायका माना खाली घालून उठायच्या तयारीत होत्या, दाजी तर दरवाजापर्यंत पोचलाही होता. आणि मथुरेच्या ध्यानात आलं, ही पोर खाली बसली की उद्यापासून बाजारात "मग आता आमी काय करूचा?" असं विचारणारं कुणी उरणार नाही. सगळा दाजीचा कारभार होईल, कपाळाला हात!

मथुरा उठली. पदर खोचला. माइकबिइकची गरज कुणाला?

"बा देवा म्हाराजा!"

सभागृह दचकलं. दाजी दारातून मागे वळला.

"आज ही तुझी लेकरां घरदार सोडून हयसर इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनंच निघालं बायकांच्या तोंडून.

"जी वाळू आमच्या पणज्यान तुडवली, ती कोण कागदार मांडून इकूक बघता, त्याची बुद्धी सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पुरुषही उठले होते.

"आणि ह्या चेडू आमच्यासाठी बोलता, त्याचो आवाज कोणी दाबूक बघलो, तर त्याका आमचो आवाज आयकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दीडशे गळे. पुढच्या रांगेतला शिटीवाला खाली बघू लागला. साहेबांनी कारकुनाला खूण केली, "हे सगळं लिहून घ्या. आणि त्या बाईंना बोलू द्या." यशोदानं उरलेला कागद शेवटपर्यंत वाचला.

निकाल त्या दिवशी लागला नाही. साहेब म्हणाले, अहवाल वर जाईल, गरज पडल्यास पुन्हा सुनावणी होईल.

गुरुवारी पेपर आला तेव्हा बाजारात एकही मासा हलला नाही. यशोदानं वाचलं, "'सुनावणीत मच्छीविक्रेत्या मथुरा यांनी गाऱ्हाणं घालून सभागृह दणाणून सोडलं...'" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मथुरेच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"बघूया, खंय आसा माझा नाव? बोट लाव."

यशोदाचं बोट कागदावर गेलं, थांबलं, जरा पुढे सरकलं. मथुरेनं कागदाकडे पाहिलंच नाही, तिनं यशोदाच्या तोंडाकडे पाहिलं. कालचा मासा आजचा म्हणून विकणाऱ्यांची तोंडं तिनं आयुष्यभर पाहिली होती.

"खरा सांग गो."

यशोदानं कागदावरचं बोट काढून घेतलं. "माझा नाव छापलानी, काकी. गाऱ्हाणा यशोदान घातला, असा. चुकान."

मथुरेच्या अंगाचा तिळपापड झाला. गाऱ्हाणंसुद्धा! नळ गेला, सून गेली, बाजार गेला, आता तोंडातून निघालेलं गाऱ्हाणंसुद्धा हिच्याच नावावर! तिनं पेपर यशोदाच्या हातातून ओढून घेतला. आता ह्यात बांगडे जाणार, हे सगळ्यांनी ओळखलं.

मथुरेनं पेपराची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"पोस्टकार्ड काढ," ती म्हणाली.

"कित्याक?"

"लिव त्या पेपरवाल्याक. गाऱ्हाणा मथुरान घातला. यशोदान नाय." यशोदानं मान खाली घालून लिहिलं. लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे शाईचा डबा पुढे केला. मथुरेनं तो हातानं बाजूला सारला.

"अंगठो नाय देवचंय. माझा नाव कसा काढतत ता दाखव. फुडच्या सुनावणेक त्यांच्या वहीत माझा नाव मी माझ्या हातान लिवतलंय. बघूया कोण चुकता ता!"